न हललेली रेषा

अंबाविहारमध्ये भाड्याचे घर हवे असेल, तर आधी चहाला जावे लागे.

दलाल देवतळे यांनी ही गोष्ट सोसायटीच्या फाटकातून आत शिरता शिरता सांगितली. "काही विचारत नाहीत जी ते लोक. घरात कोण आजारी आहे, कोणती गोळी चालू आहे, हे विचारायले कायद्यानं बंदीच आहे. फक्त घरातली सारी माणसं यायले पाहिजेत. अन् चहा कपबशीतच घ्यायचा."

"कपबशीतच का?" मुक्ता सुतारने विचारले.

"मगात दिला तर हात कसा दिसंल, मॅडम?" देवतळे स्वतःच हसले. "बशीवर कप वाजला, की घर गेलं."

मुक्ता हसली नाही. तिने मागे वळूनही पाहिले नाही. तिच्या दोन पावले मागून तिचा धाकटा भाऊ इंद्रजित येत होता आणि त्याचे दोन्ही हात खिशात होते.

मिरजेहून नागपुरात येऊन दोघांना आठवडाच झाला होता. मुक्ताला इथल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्याची नोकरी मिळाली होती. आईवडील आता नव्हते, त्यामुळे अठ्ठावीस वर्षांचा इंद्रजित तिच्याबरोबर आला होता. मिरजेत तो तानपुऱ्यांची जवारी काढण्याचे काम करी. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा कानसेने असा घासायचा, की वरून जाणारी तार त्याला पुरती टेकूही नये आणि पुरती सुटूही नये. त्या केसभर फटीतच सूर गुंजतो. हे काम करणाऱ्याचे बोट जरासे चुकले, तरी वाद्य मुके होते. आणि इंद्रजितची बोटे गेली चार वर्षे थरथरत होती.

चार वर्षांपूर्वी त्याच्या मनाचा तोल गेला होता. कधी आठवडे-आठवडे तो अंथरुणातून उठत नसे, तर कधी झोपेविना, जेवणाविना, अफाट योजना आखत गावभर फिरे. डॉक्टरांनी लिथियम सुरू केले आणि मन सावरले. बोटांची बारीक थरथर ही त्या औषधाची किंमत होती. ती त्याने कुरकुरत, पण नेमाने मोजली होती.

नव्या शहरात घर शोधणाऱ्याला आता वस्तीची माहिती लोकांना विचारावी लागत नसे. ती निचऱ्यातून मिळे. काही वर्षांपूर्वी काविळीची मोठी साथ आली, तेव्हा राज्यभरातल्या इमारतींच्या सांडपाण्याच्या चेंबरमध्ये जेवणाच्या डब्याएवढे एकेक यंत्र बसवले गेले. लोक त्याला 'नाक' म्हणत. माणूस जे खातो, पितो, गिळतो, त्यातले बरेचसे शेवटी त्याच्या शरीरातून पाण्यात उतरते. नाक त्या पाण्याचा थेंबभर नमुना घेऊन त्यातले रेणू त्यांच्या वजनानुसार वेगळे करी आणि मोजी. साथीचा जंतू पहिला रुग्ण दवाखान्यात पोचण्याआधीच त्याला सापडे. त्या बाबतीत या यंत्राने खरोखरच अनेक जीव वाचवले होते.

पण नाकाला जंतूंबरोबर औषधांचाही वास तितकाच येई. रक्तदाबाची, मधुमेहाची, मनाच्या आजाराची औषधेही पाण्यात दिसू लागली. कोणत्याही एका माणसाचे नाव त्यात नसे, केवळ अख्ख्या इमारतीची बेरीज असे. म्हणून आकडे जाहीर करायला कुणाची हरकत राहिली नाही. मग विमा कंपन्यांनी त्या आकड्यांवरून इमारतींचे हप्ते ठरवले, हप्त्यांवरून भाडी ठरली आणि भाड्यांवरून माणसे. शहराच्या नकाशावर उपनगरे रंगांनी ओळखली जाऊ लागली. अंबाविहार गर्द हिरवे होते. नाल्यावरचा पूल ओलांडला, की लागणारे बेलतलाव तांबडे होते.

मुक्ताने दोन्ही पाहिली होती. बेलतलावात घरे चांगली होती, पण झाड नव्हते, छपरे पत्र्याची होती आणि पाणी एक दिवसाआड येई. अंबाविहारात जुन्या कडुनिंबांची सावली होती आणि नळाला दिवसभर पाणी होते. एखाद्याला ही चैन वाटली असती. मुक्ताच्या दृष्टीने तो जिवाचा प्रश्न होता. मूत्रपिंडाला लिथियम आणि मीठ यांतला फरक नीटसा कळत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात घामावाटे मीठ गेले, की मूत्रपिंड उरलेले मीठ घट्ट धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही. मग तेच औषध रक्तात साचून विष होते. ज्या भावाला सावली आणि पाणी हवे होते, त्याला ते केवळ अशा वस्तीत मिळत होते, जिथे त्याच्या गोळीला जागा नव्हती.

सोसायटीच्या कार्यालयात चहा मांडला होता. सचिव मोहरीलकाका, पांढऱ्या सफारीतले निवृत्त गृहस्थ, दारापर्यंत सामोरे आले. त्यांच्या पत्नी किटलीतून चहा ओतत होत्या. समितीच्या तिघा-चौघांनी कप उचलले. "मला आज उपास आहे," असे म्हणून काकांनी आपला कप बाजूला सारला.

मुक्ताने कप घेतला. सर्वांच्या नजरा सहजपणे, अगदी सौजन्याने, इंद्रजितकडे वळल्या.

"मी चहा घेत नाही," तो म्हणाला. हात खिशातच होते.

"मिरजेकडचे लोक अन् चहा घेत नाहीत?" मोहरीलकाकू हसून म्हणाल्या. "कॉफी करू का? की सरबत?"

"त्याला पित्त आहे," मुक्ता घाईने म्हणाली.

"अगबाई! मग त्याच्यावर काही औषध वगैरे..." काकूंनी सुरुवात केली. काका खाकरले. काकू थांबल्या. कायदा सर्वांना ठाऊक होता. प्रश्न विचारला गेला नव्हता, त्यामुळे उत्तर देण्याचीही गरज नव्हती. तरी मुक्ता बोलली.

"छे हो, औषध कसलं! आमच्या घरात डोकेदुखीचीसुद्धा गोळी नसते."

इंद्रजितने मान वळवून बहिणीकडे पाहिले.

घर मिळाले. पण कुलूप उघडताना त्याने विचारले, "ताई, माझी गोळी त्या नाकाला कळणार ना?"

"कळेल, पण जेमतेम." तिने हा हिशेब कधीच मांडला होता. "लिथियम शरीरात बदलत नाही. जसं पोटात जातं, तसंच बाहेर पडतं. पण इमारतीत दोनशे माणसं आहेत. त्यांच्या सगळ्या पाण्यात तुझी एक गोळी. इथल्या जमिनीतल्या पाण्यातही थोडं लिथियम असतंच. रेषा किंचित हलेल आणि लोक म्हणतील, पाणी बदललं असेल."

"पण हलेल."

"हलेल रे. हलू दे की!"

त्याने पुढे काही विचारले नाही. खरे तर तिनेच त्याला विचारण्याची ती वेळ होती, पण हे मुक्ताच्या ध्यानात आले नाही. तिला संध्याकाळच्या आत सामान लावायचे होते.

पहिला महिना चांगला गेला. शहरातल्या एका वाद्यांच्या दुकानाने इंद्रजितला काम दिले. खोलीत तानपुरे आले, लाकडाचा भुसा आला, कानसेची करकर आली. एकदा एक वयस्कर गायिका स्वतः येऊन सांगून गेल्या, की असा गोल, भरलेला सूर त्यांनी वर्षानुवर्षांत ऐकला नव्हता. इंद्रजित बोलका झाला. पहाटे उठून काम करू लागला. मुक्ताला वाटले, नवे शहर त्याला मानवले.

एप्रिल महिन्यातल्या एका रविवारी, ऊन डोक्यावर आलेले असताना, ती भाजी घेऊन परतली. लिफ्टजवळच्या भिंतीवर नाकाच्या आकड्यांचा पडदा होता. त्याखाली मोहरीलकाका पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते.

"घ्या, मॅडम, पेढा घ्या. तुमच्यामुळेच वाटतो आहे."

"माझ्यामुळे? काय झालं?"

"काहीच झालं नाही, हेच तर! नवं बिऱ्हाड आलं, की महिनाभर आमचा जीव टांगणीला लागतो. मागल्या खेपेला एक कुटुंब आलं, तर साखरेची रेषा अशी चढली, की सर्वांचा हप्ता वाढला. तुमचं बिऱ्हाड आलं अन् एकही रेषा हलली नाही! हे पाहा." त्यांनी पडद्यावर बोट ठेवले. "रक्तदाब, जैसे थे. साखर, जैसे थे. अन् ही सगळ्यात खालची, मनाच्या औषधांची. लिथियम. ती तर आखल्यासारखी सरळ."

मुक्ताने पेढा तोंडाशी नेला आणि तिचा हात तिथेच थांबला.

रेषा सरळ होती. ती सरळ असायला नको होती. दोनशे माणसांच्या पाण्यात एक गोळी म्हणजे थोडाच चढ, पण चढ. तिने तो स्वतः मोजला होता. पाण्यात लिथियम वाढले नव्हते याचा अर्थ एकच होता. ते कुणाच्या शरीरातून गेलेच नव्हते.

आणि मग तिला सकाळ आठवली. इंद्रजितने तिला अंथरुणापाशी चहा आणून दिला होता. कपबशीत. बशी वाजली नव्हती.

"मॅडम? बरं वाटत नाही का?"

लिफ्ट वरच्या मजल्यावर होती. ती जिन्याने धावली. घराचे दार सताड उघडे होते. आत तानपुरे सुटे करून मांडले होते, त्यांच्या तारा काढलेल्या होत्या. एकही तार जागेवर नव्हती. "इंद्या!" तिने हाक मारली. वरून, गच्चीकडून, कसलासा झंकार आला.

गच्चीचे दार ढकलताच उन्हाचा लोट अंगावर आला. पाण्याच्या उंच टाकीच्या काठावर इंद्रजित अनवाणी उभा होता. टाकीच्या लोखंडी नळापासून वीज पडू नये म्हणून लावलेल्या सळईपर्यंत त्याने तारा ताणल्या होत्या, एकीला दुसरी जोडून, चांगल्या वीसेक. त्याच्या पलीकडे कठडा नव्हता. पलीकडे सात मजल्यांची हवा होती.

"ताई! आलीस? बरं झालं!" त्याचा आवाज आनंदाने फाटत होता. "तानपुऱ्याला भोपळा कशाला हवा गं? ही अख्खी इमारतच भोपळा आहे! पोकळ आहे ना आतून, सगळ्या खोल्या पोकळ आहेत! वारा सुटला, की अख्खं अंबाविहार षड्जात बोलेल. माझे हात बघ. बघ ना! कसे झालेत!"

त्याने दोन्ही हात समोर धरले. ते अगदी स्थिर होते. पाय मात्र ओल्या काठावर सरकत होते.

"इंद्या, गोळी कधीपासून घेतली नाहीस?"

"चहाच्या दिवसापासून." तो अभिमानाने हसला. "संडासातसुद्धा टाकली नाही हं एकही. नाकाला कळलं असतं. रेषा हलली नाही ना? ताई, सांग ना, हलली नाही ना?"

मागे जिन्यावर पावले वाजली. मोहरीलकाका धापा टाकत दारात येऊन थबकले. मुक्ताला कळत होते, की आता जे बोलू ते त्यांच्या देखत, आणि मग हे घर संपले.

"हलली नाही," ती मोठ्याने म्हणाली. "म्हणूनच मी धावत आले. मला ती हललेली हवी आहे, इंद्या. तुझं लिथियम मला त्या पडद्यावर दिसायला हवं आहे. मी खोटं बोलले होते त्या दिवशी. आता खाली ये."

"येतो, येतो. एवढा पंचम लावला, की येतो." तो वळला आणि वाकून दूरच्या तारेकडे सरकू लागला.

मुक्ता टाकीच्या शिडीकडे एक पाऊल पुढे आली. त्याने मागे न पाहताच दरडावले, "शिडीला हात लावू नकोस!" ती थांबली. ओरडून उपयोग नव्हता; अशा वेळी विनवण्या मिरजेतही त्याच्यापर्यंत कधी पोचल्या नव्हत्या. तिने गच्चीभर नजर फिरवली. टाकीच्या सावलीत त्याचा स्वतःचा जुना तानपुरा पडला होता, भोपळ्याला तडा गेलेला. तेवढ्याच एका वाद्याच्या तारा त्याने काढल्या नव्हत्या.

तिने तो उचलला. आत काहीतरी खुळखुळले. तड्यातून आत टाकलेल्या महिनाभराच्या गोळ्या.

तिला गाण्यातले फार कळत नव्हते. पण बहीण म्हणून तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: उतरलेली तार इंद्रजितला सहन होत नसे. लहानपणी शेजारच्या घरात कुणी बेसूर पेटी वाजवली, तर तो ताटावरून उठून तिकडे जाई. तिने एक खुंटी पिळली आणि तार छेडली. सूर कुजका, बेढब निघाला. तिने पुन्हा छेडली. पुन्हा.

"ताई, ते काय करतेस? चढव जरा."

"मला जमत नाही."

"डावीकडे पीळ."

तिने उजवीकडे पिळली. तार कण्हली.

"अगं डावीकडे! कान आहेत का खुंट्या!" तो कळवळून वळला. "थांब. ठेव ते. हात लावू नकोस, तुटेल!" आणि शिडीची एकेक पायरी उतरत, पुटपुटत, रागावत तो खाली आला, तिच्यासमोर बसला आणि खुंटीला हात घातला. मोहरीलकाकांनी मागून येऊन त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला. त्यांची पकड घट्ट होती, पण ते स्वतः थरथरत होते. इंद्रजितने सुटायची धडपड केली नाही. तार सुरात आल्यावरच त्याने मान वर केली, आणि मुक्ताचा चेहरा पाहून तो रडू लागला.

दवाखान्यात तीन आठवडे गेले. औषध पुन्हा हळूहळू सुरू झाले. एका दुपारी मोहरीलकाका संत्री घेऊन आले. इंद्रजित झोपला होता. काका व्हरांड्यात मुक्ताच्या शेजारी बसले.

"समितीला मी काही बोललो नाही," ते हलक्या आवाजात म्हणाले. "भाऊसाहेब उन्हानं भोवळ येऊन पडले, असं सांगितलं आहे. तुम्ही घर सोडू नका."

"आणि रेषा? आता हा गोळी घेणार, काका. हलणारच ती."

"नाही हलणार." त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "तुम्ही आधी विचारायला हवं होतं, मॅडम. सगळेच घेतात काही ना काही. अंबाविहारात माणसंच राहतात ना! फक्त... बाटलीत करायचं. सकाळी फिरायला आम्ही पुलापलीकडे जातो ते कशाला? बेलतलावाच्या चेंबरला जाळी सैल आहे. मी रोज आमच्या मिसेसचं नेतो. ब्लडप्रेशर आहे तिला."

नकाशावरचा तो गर्द हिरवा रंग मुक्ताच्या डोळ्यांपुढे आला, आणि शेजारचा तांबडा.

"आणि ज्यांना चालवत नाही त्यांनी काय करायचं?"

काकांनी संत्र्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "चौथ्या मजल्यावर दातेआजी होत्या. त्यांचे गुडघे गेले होते. बाटली कुणाच्या हाती द्यायला त्यांना लाज वाटे. त्यांनी गोळीच सोडली. हृदयाची होती. गेल्या दिवाळीत गेल्या. आम्ही म्हटलं, वय झालं होतं."

ते गेले. काकांनी देऊ केले होते ते सोपे होते. सावली राहिली असती, पाणी राहिले असते. करायचे एवढेच होते: रोज सकाळी आपल्या भावाचा आजार बाटलीत भरायचा, पुलापलीकडे नेऊन परक्यांच्या दारात ओतायचा, आणि भाऊ पाहत असताना रिकाम्या हाताने घरी यायचे. मुक्ताने देवतळ्यांना फोन लावला.

"बेलतलाव?" देवतळे चक्रावले. "मॅडम, हिरव्यातून तांबड्यात कोणी जाते का? लोक तर उलटे येऊन राहिले!"

"हिरव्यातले रोज सकाळी तांबड्यात कसे जातात, ते माहीत आहे मला," मुक्ता म्हणाली. "घर दाखवा."

बेलतलावातल्या घरमालकीण शेंडेकाकू ओट्यावर चिंच फोडत बसल्या होत्या. त्यांनी चहा मांडला नाही. चिंचोके काढत त्यांनी सरळच विचारले, "गोळ्या कोणाच्या चालू आहेत?"

"भावाच्या. लिथियम. मनाच्या आजारावरची."

"जेवल्यावर घ्यायची की उपाशी?"

"...जेवल्यावर."

"मग रात्री उशिरा जेवत जाऊ नका. पाणी आलं नाही, तर माह्या टाकीतून घ्यायचं. माह्या तीन गोळ्या आहेत, सासऱ्याच्या पाच. कोणती कोणाची याचा घोळ होते, म्हणून विचारलं."

उन्हाळा सोपा गेला नाही. पत्रा तापे. मुक्ताने खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, दोन माठ भरून ठेवले, दर आठवड्याला भावाच्या रक्ताची तपासणी करवली. एकदा लिथियम धोक्याच्या जवळ गेले आणि तिने दोन दिवस रजा काढून त्याच्यापाशी बसून काढले. अंबाविहारची सावली तिला तेव्हा आठवली, हे तिने नाकारले नाही. इंद्रजितच्या बोटांची थरथर परतली. त्याने मनगटाखाली वाळूची पुरचुंडी घेऊन काम करायला सुरुवात केली. जवारी पूर्वीइतकी बारीक उतरत नव्हती. "थोडी जाड आहे," तो गिऱ्हाइकांना स्वतःच सांगे, "पण टिकेल."

जूनच्या एका सकाळी मुक्ता सज्जात उभी असताना तिला पुलावरून पांढरी सफारी येताना दिसली. हातात कापडी पिशवी. मोहरीलकाका चेंबरपाशी थांबले, आजूबाजूला पाहून वाकू लागले.

"काका!" तिने हाक दिली. ते दचकून सरळ झाले. "वर या. चहा टाकला आहे."

"नको, नको. मी आपला सहज फिरायला..."

"या हो. बाथरूमही आहे घरात. रस्त्यावर वाकायला नको."

ते क्षणभर पुलाकडे पाहत राहिले. मग पिशवी पोटाशी धरून जिना चढले. बाथरूममधून बाहेर आले, तेव्हा पिशवी हलकी झाली होती. ते खुर्चीच्या टोकावर बसले. वाद्यांकडे पाहिले, माठांकडे पाहिले, मुक्ताकडे मात्र पाहिले नाही.

इंद्रजित स्वयंपाकघरातून चहा घेऊन आला. कपबशीतच. प्रत्येक पावलागणिक बशीवर कप वाजत होता आणि त्याने तो दाबून धरला नव्हता. थोडा चहा बशीत सांडला होता.

"घ्या, काका. की आजही उपास?"

मोहरीलकाकांनी हात पुढे केला. कप त्यांच्या हाती गेला आणि इंद्रजितने आपला हात काढून घेतला. मुक्ताला वाटले, की आता आवाज थांबेल.

तो थांबला नाही.